डिझेलच्या लॉरीला गॅसची जोड : बचत किती, भुलावण किती?

लॉरीवर पोट असलेल्या आपल्या मंडळींत एक विषय अधूनमधून निघतोच, आणि डिझेलचा भाव चढला की जरा जोरातच निघतो. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात म्हणे डिझेलच्या ट्रकला गॅसची एक टाकी जोडतात, इंजिनात हवेबरोबर थोडा थोडा प्रोपेन सोडतात, आणि मग तोच ट्रक तेवढ्याच डिझेलमध्ये कितीतरी लांब जातो. मेलबर्नकडे स्थायिक झालेले आपले भाऊबंद सुट्टीत घरी येतात तेव्हा ही गोष्ट रंगवून सांगतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच आपली लॉरी, तिचे बँकेचे हप्ते आणि पंपावरचे बिल उभे राहते. आपल्याकडे लॉरी ही बहुधा एका माणसाची नसते. बाप चालवतो, थोरला मुलगा हाताखाली असतो, हिशेब आई किंवा सून ठेवते. म्हणून या गोष्टीत खरे किती आणि फुगवलेले किती, हे आम्ही आज जरा सविस्तर सांगणार आहोत.

आधी एवढे स्पष्ट करू, की ही निव्वळ थाप नाही. डिझेल इंजिनात गॅस जाळता येतो आणि तो फार पूर्वीपासून जाळला जातो. ज्या रुडॉल्फ डिझेल यांच्या नावाने हे इंजिन ओळखले जाते, त्यांचे पहिले यशस्वी इंजिन जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९७ साली चालले. पुढे १९०१ साली अमेरिकेत त्यांच्या नावे नोंदलेल्या एका पेटंटात आत घेतलेला वायू दुसऱ्या इंधनाच्या फवाऱ्याने पेटवण्याची युक्ती सांगितलेली आहे. म्हणजे कल्पना सव्वाशे वर्षांची जुनी आहे.

ती समजून घ्यायला डिझेल इंजिनाची एक खोड माहीत असावी लागते. पेट्रोलच्या गाडीत प्लगची ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. दट्ट्या हवेला सोळा ते वीस पट दाबतो, त्या दाबाने हवा पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि तिच्यात डिझेलचा फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. डिझेल साधारण सव्वादोनशे अंशांच्या आसपास आपोआप पेट घेते. प्रोपेनला मात्र त्यासाठी साडेचारशेहून अधिक अंश लागतात. त्यामुळे हवेत थोडा प्रोपेन मिसळलेला असला तरी तो एरवी गप्प बसतो. डिझेलचा फवारा पेटला, की त्या ज्योतीने प्रोपेनही पेटतो. डिझेल येथे काडीचे काम करते, आणि गॅस लाकडाचे.

या जोडीचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या पूर्वजांच्या मुलखातच सापडते. महाराष्ट्रात आणि भारतात इतरत्र शेतावरचे पाण्याचे डिझेल पंप गोबर गॅसवर चालवण्याचा प्रयोग पुष्कळ झाला. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सनी अशी दुहेरी इंधनाची इंजिने मुद्दाम तयार केली. शेणाच्या गॅसवर ऐंशी टक्क्यांच्या घरात काम निभावते आणि डिझेल फक्त पेटवण्यापुरते, वीसेक टक्के, लागते. पण येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, गॅस घरच्या गोठ्यातला असतो, त्याचे बिल येत नाही. दुसरी, पंपाचे इंजिन एका जागी उभे असते आणि तासन् तास एकाच ओझ्याखाली, एकाच वेगाने चालते. लॉरीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी उलट्या होतात.

आता ट्रकवर ही जोडणी कशी करतात ते पाहू. गॅसची जाड पत्र्याची टाकी चासीला घट्ट बसवतात. ती काठोकाठ भरत नाहीत, ऐंशी टक्केच भरतात, कारण उन्हात आतला द्रव फुगतो. टाकीतून निघालेल्या नळीवर विजेने उघडझाप करणारी चावी असते. पुढे व्हेपोरायझर येतो. रेडिएटरचे गरम पाणी त्याच्याभोवती फिरते आणि द्रवाची वाफ होते. मग दाब कमी करणारा रेग्युलेटर, आणि शेवटी एअर फिल्टरच्या पुढे, हवेच्या नळीत, एक बारीक छिद्र. साध्या संचात गॅस कधी सोडायचा हे टर्बोच्या दाबावरून ठरते. ओझे पडले, टर्बोने जोर धरला, की गॅस सुरू. ओझे उतरले, की बंद. ज्या जुन्या लॉरीला टर्बोच नाही, तिच्यावर असा संच बसवायला येणाऱ्या मिस्त्रीला एवढाच प्रश्न विचारावा, की गॅस कधी सोडायचा हे तुझ्या यंत्राला कळणार कशावरून?

येथवर सारे सरळ आहे. गोंधळ होतो तो विक्रेत्यांच्या एका वाक्यापाशी. ते सांगतात, की डिझेल इंजिन पाऊणएक भागच डिझेल जाळते, म्हणजे शंभरातले पंचाहत्तर. बाकीचे न जळता धुराड्यातून जाते, आणि प्रोपेन ते उरलेले जाळून टाकतो. ऐकायला हे फार पटते, कारण चढावर काळा धूर सोडणारी लॉरी आपण रोज पाहतो. परंतु ते खरे नाही. नीट ठेवलेले डिझेल इंजिन त्याच्या पोटात गेलेल्या इंधनापैकी ९८ टक्क्यांहून अधिक जाळतेच. काळ्या धुरात काजळी दिसते खूप, पण वजनात ती अगदी थोडी असते. चिमूटभर काजळीने अख्खी भिंत काळी होते, हे चुलीवर स्वयंपाक केलेल्या कोणत्याही आजीला विचारावे.

मग उरलेले जाते कोठे? इंजिनात जळालेल्या शंभर भाग उष्णतेपैकी चांगल्या स्थितीत चाळीसेक भाग चाकांकडे जाणाऱ्या कामात येतात. बाकी साठ भाग धुराड्याच्या गरम वायूंबरोबर आणि रेडिएटरच्या पाण्यातून निघून जातात. हे साठ भाग वाया जातात, पण ते न जळलेले डिझेल नव्हे. ते जळून गेलेल्या डिझेलची ऊब आहे. प्रोपेनने ती परत मिळत नाही. जे जळूनच गेले ते पुन्हा कसे जळणार?

तरी डिझेलचा काटा सावकाश उतरतो, हा अनुभव खोटा नाही. त्याचे कारण साधे आहे. प्रोपेन स्वतःच इंधन आहे. त्याने चाकाला जोर दिला, की चालकाचा पाय पेडलवर आपोआप हलका पडतो आणि तेवढे डिझेल कमी जाते. एका खिशातला खर्च दुसऱ्या खिशात गेला. म्हणून दोन्ही खिसे उलटे करून हिशेब मांडला पाहिजे, आणि तो आम्ही येथे मांडतो.

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल उष्णता असते. एक किलो प्रोपेनमध्ये सुमारे ४६. म्हणजे एक किलो गॅस हा जास्तीत जास्त १.२८ लिटर डिझेलचे काम करील. समजा, तुमची भरलेली लॉरी शंभर किलोमीटरला ४० लिटर डिझेल पिते. तिला तेवढ्याच अंतरात ५ किलो गॅस दिला. पाच गुणिले १.२८, म्हणजे ६.४ लिटर. डिझेल ४० वरून ३३.६ लिटरवर येईल. मालक म्हणेल, सोळा टक्के वाचले! पण त्याने ५ किलो गॅस जाळला आहे, आणि स्वयंपाकघरातला बारा किलोचा सिलिंडर या चालीने २४० किलोमीटरांत रिकामा होतो. तेव्हा कोणत्याही दिवशी करता येईल अशी परीक्षा ही : पंपावरचा डिझेलचा लिटरचा भाव १.२८ ने गुणावा. किलोभर गॅस, वाहनासाठी रीतसर मिळणाऱ्या भावाने, त्याहून बराच स्वस्त असेल तरच पुढचे बोलणे करावे. थोडासाच स्वस्त असेल, तर संचाची किंमत फिटायच्या आधी लॉरी म्हातारी होईल.

अमेरिकेत ही कल्पना का रुजली, हे यावरून कळते. तेथे नैसर्गिक वायू शुद्ध करताना प्रोपेन भरपूर हाती लागतो आणि तो खेडोपाडी घरे तापवायला विकला जातो. २००८ च्या जुलैत तेथे डिझेल गॅलनला पावणेपाच डॉलरांवर गेले, तेव्हा असे संच विकणाऱ्यांची चलती झाली. शिवाय तेथील गिऱ्हाईक कोण, तेही पाहावे. मोठे डिझेल इंजिन असलेला पिकअप ट्रक, मागे घोड्यांची किंवा राहण्याची जड गाडी जोडलेली, आणि समोर डोंगराचा मैलोन् मैल चढ. अशा वेळी इंजिनावर पूर्ण ओझे असते, आतली हवा तापलेली असते, गॅस चांगला जळतो आणि जोर वाढलेला चालकाला पाठीला जाणवतो. खरे सांगायचे तर तेथील पुष्कळांनी हे संच बचतीसाठी नव्हे, या जोरासाठीच बसवले. ऑस्ट्रेलियातील लांब पल्ल्याचे ट्रकही शेकडो किलोमीटर एका वेगाने ओझे ओढतात. म्हणजे मेलबर्नचा पाहुणा खोटे बोलत नाही. फक्त तो तिकडचा रस्ता विसरून इकडे बोलतो.

आता आपल्या उसाच्या लॉरीचा एक दिवस डोळ्यांपुढे आणा. लाकूपचे दिवस आहेत. पहाटे रिकामी लॉरी शेतावर जाते. भरेपर्यंत उभी राहते. भरून निघते, आणि आज बेटावर गाळप करणारे कारखाने बेल व्ह्यू, युनियन फ्लाक आणि ला बराक एवढेच उरल्यामुळे तिला पूर्वीपेक्षा लांब जावे लागते. एके काळी वीसहून अधिक कारखाने होते, तेव्हाची गोष्ट निराळी होती. कारखान्यावर बलान्सपुढे रांग असते. इंजिन चालूच, लॉरी दर पाच मिनिटांनी दोन हात पुढे. मग ऊस टाकून पुन्हा रिकामी परत. या साऱ्यात इंजिनावर खरे ओझे किती वेळ असते? निम्माही वेळ नाही.

आणि ओझे नसताना प्रोपेनचे काय होते, हाच या विषयातला मुख्य मुद्दा आहे. प्रोपेन हवेत साधारण दोन टक्क्यांहून कमी असला, तर त्यातून ज्योत पुढे पसरत नाही. रिकाम्या किंवा रेंगाळणाऱ्या इंजिनात डिझेलचा फवारा लहान असतो. त्याच्या लगत असलेला गॅस जळतो, आणि कोपऱ्याकोपऱ्यातला पातळ गॅस तसाच न जळता धुराड्यातून बाहेर पडतो. विक्रेता ज्या न जळणाऱ्या इंधनाची भीती घालत होता, ते आता खरोखर निर्माण झाले, आणि त्याचे पैसे आपण दिले. चांगला संच म्हणूनच ओझे नसताना गॅस बंद ठेवतो. पण मग दिवसातला निम्मा वेळ तो संच नुसता ओझे म्हणून लॉरीवर बसून असतो. पोर्ट लुईच्या बंदरातून माल भरून क्युरपिपला, म्हणजे पाचशे मीटरहून अधिक उंचीवर, दिवसातून तीन वेळा चढणाऱ्या टर्बोच्या ट्रकाची गोष्ट वेगळी. बेटावर कोणाला यात काही मिळण्याजोगे असेलच, तर ते त्याला. तोही परतीला उतारावरून रिकामाच येतो, हे मात्र त्याने विसरू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या परिस्थितीची. आपल्या बेटावर ना तेल निघते, ना गॅस. स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन दोन्ही जहाजानेच आणते. अमेरिकन शेतकऱ्याला जो गॅस दाराशी स्वस्त मिळतो, तो आपल्याला समुद्र ओलांडून येतो. घरचा सिलिंडर स्वस्त वाटतो तो सरकार त्याला अनुदान देते म्हणून, आणि ते अनुदान स्वयंपाकघरासाठी आहे. तोच सिलिंडर उचलून लॉरीला लावायचा विचार कोणाच्या मनात येत असेल तर तो तेथेच सोडावा. घरगुती सिलिंडर उभा ठेवून वरची वाफ घेण्यासाठी बनवलेला असतो. लॉरीवर तो आडवा झाला किंवा उसळला, तर वाफेऐवजी द्रव बाहेर येतो, आणि द्रवाची वाफ झाली म्हणजे ती अडीचशे पटींहून अधिक जागा व्यापते. शिवाय स्वयंपाकाचा गॅस म्हणजे शुद्ध प्रोपेन नव्हे. अमेरिकेत वाहनासाठी विकल्या जाणाऱ्या प्रतीत नव्वद टक्के तरी प्रोपेन असावाच लागतो. ब्यूटेन अधिक असलेला गॅस दाबाखाली लवकर भडकतो.

लवकर भडकणे म्हणजे काय, ते मिस्त्री मंडळींना सांगायला नको. ओझ्याखाली गॅस जास्त झाला, तर तो ज्योतीची वाट पाहत नाही. सगळा एकदम पेटतो आणि दट्ट्यावर हातोडा बसल्यासारखा ठोका पडतो. थोडा वेळ असे चालले तर गॅस्केट जाते, जास्त वेळ चालले तर दट्ट्या. धुराड्यातल्या वायूची उष्णता टर्बोच्या आधी सातशे अंशांपलीकडे बराच वेळ राहू लागली, तर दट्ट्याचे ॲल्युमिनियम धोक्यात आले असे अनुभवी चालक मानतात. उष्णता दाखवणारे मीटर बसवल्याशिवाय गॅस सोडणे म्हणजे डोळे मिटून घाट उतरणे. इंजिन उघडायचा खर्च ज्याने एकदा दिला आहे, त्याला लिटरभर डिझेलची बचत किती वर्षांत तो भरून काढील हे आम्ही सांगायला नको.

याहूनही गंभीर धोका गळतीचा आहे. पेट्रोलच्या इंजिनात हवेची वाट अडवणारी झडप असते. डिझेलच्या बहुतेक इंजिनांत हवा मोकळी आत येते आणि वेग फक्त डिझेलवर ताब्यात राहतो. हवेबरोबर गॅस आत येत राहिला, तर किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नाही, उलट भडकत जाते. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात असे भयंकर दृश्य लोकांनी पाहिले. कारखान्यातून बाहेर पडलेल्या ज्वालाग्राही वाफेचा ढग जवळच चालू स्थितीत उभ्या असलेल्या एका डिझेल पिकअपपर्यंत आला. इंजिनाने ती वाफ ओढली, ते आपोआप सुसाट फिरू लागले, आणि चौकशीत निघाल्याप्रमाणे बहुधा त्याच ट्रकाने तो ढग पेटला. पंधरा माणसे दगावली. तेथे गॅसचा संच नव्हता, हे खरे. पण डिझेल इंजिन आणि मोकळा गॅस एकत्र आले म्हणजे काय होते, ते त्यातून दिसते. म्हणून किल्ली बंद होताच गॅस तोडणारी चावी, आणि इंजिन थांबले की आपोआप मिटणारी दुसरी चावी, या दोन्ही नसलेला संच लॉरीला हात लावू देण्याच्या लायकीचा नाही. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. तो वर उडून जात नाही, गॅरेजच्या खड्ड्यात साठतो. आपल्याकडे बऱ्याच घरी लॉरी रात्री घराला लागूनच उभी असते.

संचाच्या बाजूने सांगण्यासारखे जे आहे, तेही सांगतो. ओझ्याखाली डिझेलचा काही भाग गॅसने घेतला, की काजळी खरोखर कमी होते. मागे धूर दिसत नाही आणि मालकाला वाटते, पाहा, सगळे जळाले. पण जुन्या लॉरीचा धूर एअर फिल्टर बदलून, नोझल तपासून आणि पंपाची वेळ लावून घेतल्यानेही जातो, आणि त्यासाठी टाकी बसवावी लागत नाही. नव्या लॉरीत तर धुराड्यातच काजळी गाळणारी जाळी असते आणि फवाऱ्याचे मोजमाप संगणक करतो. तेथे बाहेरून गॅस घुसवला, की संगणकाचे गणित चुकते. अमेरिकेत प्रदूषणाच्या कायद्याखाली अशा फेरबदलाला रीतसर मंजुरी लागते. तेथील पर्यावरण खात्याने पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे आजवर तपासली, आणि त्यांत लक्षणीय बचत करणारे एकही सापडले नाही. ती उपकरणे निराळी होती, पण विकणाऱ्यांची भाषा ओळखीची होती.

एवढे वाचूनही कोणाला करून पाहायचेच असेल, तर त्याने आधी परिवहन खात्याला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे, आणि उत्तर आल्याशिवाय लॉरीला भोक पाडू नये. मग हिशेबाची वही घालावी. संच बसवण्याआधी महिनाभर, एकाच पंपावर, टाकी प्रत्येक वेळी तोंडाशी भरून, लिटर आणि किलोमीटर लिहावेत. ओझे किती टन होते तेही. संच बसल्यावर एक आठवडा गॅस चालू, एक आठवडा बंद, असे दोन महिने करावे, आणि चालक तोच ठेवावा. गॅस भरताना वजन करून किलो लिहावेत. हा आलटूनपालटून प्रकार आवश्यक आहे, कारण नवा संच बसला की चालक स्वतःच काट्याकडे पाहत सांभाळून चालवू लागतो आणि त्या सांभाळण्यानेच डिझेल वाचते. ती बचत गॅसच्या नावावर जाऊ नये. वहीत डिझेलच्या शेजारी गॅसचाही रकाना असावा, आणि ती वही विक्रेत्याने नव्हे, घरात जो हिशेब ठेवतो त्यानेच भरावी.